फिरत्या घराची बांधाबांध : प्रस्तावना

माहुलला रस्त्याच्या कडेला टँकर लागलेला असतो तेव्हा त्याच्या केबिनमध्ये एक माणूस राहत असतो. तेल भरायचा नंबर लागेपर्यंत राहतो. कधी चार तास, कधी आख्खी रात्र, मध्ये सुट्टी आली तर त्याहूनही जास्त. चेंबूरकडून येणारी रिक्षा त्या रांगेवर वैतागत पुढे जाते. आत कोणी आडवा झालाय, कोणी आरशात बघून दाढी करतोय, कोणी घरी फोन लावून पोरीच्या परीक्षेची चौकशी करतोय, हे रस्त्यावरून दिसत नाही.

ही पुस्तिका कॅराव्हॅनमध्ये किंवा गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये राहून भटकंती करू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. त्यात कोणतं सामान घ्यावं, कसं बसवावं, वीज-पाणी-गॅस कसा पुरवावा आणि प्रवासात घराशी, जगाशी संपर्क कसा ठेवावा, एवढाच विषय आहे. मग सुरुवात टँकरने का, असं कोणी विचारेल. कारण साधं आहे. चाकांवर राहण्याचा खरा अनुभव आपल्याकडे ज्यांच्याजवळ आहे, ते हौशी लोक नाहीत. त्यांनी त्यावर व्हिडिओ केले नाहीत आणि पुस्तकंही लिहिली नाहीत. आणि त्यांच्यातही टँकरवाल्याची अट सगळ्यांत कडक. त्यामुळे त्याचं सामान सगळ्यांत विचारपूर्वक निवडलेलं.

माहुलचं पूर्वीचं रूप खाडीकाठच्या कोळीवाड्याचं. १९५४ साली स्टॅनव्हॅकने इथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला, पाठोपाठ १९५५ साली बर्मा शेलने. सत्तरच्या दशकात दोन्ही सरकारच्या ताब्यात आले आणि त्यांचे अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. शेजारी खत कारखाना, टाटांचं वीज केंद्र, पीर पावचा तेलाचा धक्का. खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे पाइपांचं जंगल दिसतं. तेलाचा मोठा भाग आता जमिनीखालच्या वाहिन्यांतून मनमाडजवळच्या पानेवाडीला, पुण्याजवळच्या लोणीला जातो आणि टँकर तिथेही भरतात. तरी माहुलची रांग काही संपलेली नाही. (माहुलला गाडी लावून मुक्काम करा, असं मात्र ही पुस्तिका सांगत नाही. इथल्या हवेचा रहिवाशांच्या तब्येतीला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नोंदवलं आहे. शिकायला यावं, राहायला नाही.)

आता एखाद्या केबिनमध्ये डोकावू. चालकाच्या सीटमागे जेमतेम खांदा मावेल एवढा बाक, त्यावर घडी केलेली चादर. छताला छोटा पंखा. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत ताणलेली दोरी, तिच्यावर टॉवेल. दाराच्या कप्प्यात गाडीचे कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, तिथेच गोळ्यांची पाकिटं आणि पेन. बाहेर चासीला पट्टीने आवळलेला पाण्याचा ड्रम, त्याला तोटी. खालच्या पेटीत जॅक, टॉमी, पाने आणि चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे. मोजायला बसलं तर सामान एका गोणीत मावेल. पण रात्री दोन वाजता, दिवा न लावता, हात ज्या वस्तूकडे जायचा तिच्याकडेच जातो. प्रत्येक वस्तूची जागा एकच आणि त्या जागेला दुसरी वस्तू नाही.

आणि काय नाही, तेही बघावं. स्टोव्ह नाही. इन्व्हर्टर नाही. काडेपेटी नाही. टाकीवरच्या नारिंगी फलकावर पेट्रोलचा १२०३ किंवा डिझेलचा १२०२ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहिलेला असतो, आणि त्या आकड्याबरोबर केबिनमधल्या संसाराचे नियम ठरतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड; ती खाली, चाकांच्या आसपास साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. म्हणून धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी, बॅटरीला सगळी वीज एका झटक्यात तोडणारा मास्टर स्विच, भरताना टाकीला अर्थिंगची तार. इंजिन बंद. फोन गेटवर जमा.

या शेवटच्या नियमामुळे एक गमतीची अवस्था होते. टँकरला ट्रॅकिंग यंत्र असतं. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, ठरलेला रस्ता सोडून कुठे वळली, हे तेल कंपनीच्या पडद्यावर दिसत असतं. या गाडीइतकी संपर्कात दुसरी कुठली गाडी नसेल. आणि तिच्या माणसाचा फोन मात्र गेटवरच्या खणात पडलेला. मग तो काय करतो? आत जायच्या आधी घरी सांगतो, ‘आत चाललोय, संध्याकाळपर्यंत लागणार नाही.’ एवढंच. घरचे संध्याकाळपर्यंत फोन करत नाहीत आणि काळजीही करत नाहीत. संध्याकाळ उलटून गेली आणि फोन आला नाही तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला विचारायचं, हेही ठरलेलं असतं. संपर्काचं सगळं मर्म या दोन वाक्यांत आहे, आणि पुस्तिकेतलं संपर्काचं प्रकरण त्याचाच विस्तार आहे.

चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, नगर, जालन्याकडून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या बघा: कोपीचे बांबू, ताडपत्री, पीठ, भांडी, कोंबड्या, वर पोरं. ओढत न्यायचं घर म्हणतात ते हेच. त्याला भटकंती म्हणणं निर्दयपणाचं होईल, तिथे उचल घेतलेली असते आणि मुकादम असतो. पण सामान रचण्याची अक्कल त्या ट्रॉलीत जी दिसते ती लाखाच्या कॅराव्हॅनमध्ये दिसत नाही. जड खाली, लागणारं वर, ओलं बाजूला.

दुसरं उदाहरण आषाढीच्या वारीतल्या दिंडीच्या ट्रकचं. तंबू, शेगड्या, शिधा, पाण्याचा टँकर, सगळं वारकऱ्यांच्या पुढे मुक्कामाला पोचलेलं असतं. लाखो माणसांत फोनचं जाळं गुदमरतं. नंबर लागत नाही, लागला तर ऐकू येत नाही. तरी चुकलेली म्हातारी आपल्या माणसांत परत पोचते, कारण तिला एक गोष्ट पाठ असते: रथापुढे किंवा रथामागे अमुक नंबरची दिंडी. वाटेतला कोणीही माणूस त्या पत्त्यावर तिला नेऊन सोडतो. कुठलंही यंत्र याहून कमी खर्चात हे काम करत नाही.

अलीकडे हौसेची लाट आली आहे आणि ती येऊ नये असं मला वाटत नाही. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या उभ्या करायला वाहनतळ व्हावेत, तिथे पाणी-वीज-स्वच्छतागृह असावं, अशी त्यात कल्पना आहे. भाड्याने मिळणाऱ्या गाड्या वाढल्या. जुनी ट्रॅव्हलर किंवा छोटा टेम्पो घेऊन त्यात बिछाने ठोकणारे वाढले. इथे एक कायद्याची गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी, कारण सुतारकाम संपल्यावर ती कळली तर रडायची पाळी येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला कारखान्याने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. जे बदल चालतात त्यांनाही आरटीओची मंजुरी लागते. मंजुरी नसेल तर पोलिसांचा दंड ही त्यातली किरकोळ गोष्ट. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट त्या बदलाकडे दाखवलं, तर खरं नुकसान तिथे. सुटं सामान, म्हणजे उचलून ठेवता येणारी बॅटरी, पेटी, घडीचा पलंग, यावर हा प्रश्न फारसा येत नाही. पहिल्या वर्षी सगळं सुटंच ठेवा, असा माझा आग्रह आहे. त्यात कायद्याइतकंच व्यवहाराचंही कारण आहे: पहिल्या वर्षी आपल्याला काय लागतं हेच आपल्याला माहीत नसतं.

वस्तूंच्या याद्या करण्याआधी वजनाचा हिशोब करावा लागतो आणि नेमका तोच कोणी करत नाही. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. चार माणसं, प्रत्येकी दिवसाला पंधरा लिटर, दोन दिवस: एकशे वीस किलो. म्हणजे आपण आणखी दोन माणसं घेऊन निघालो आहोत. हे वजन कुठे बसवलं यावर गाडीची चाल ठरते. ट्रेलर असेल तर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढे, जोडणीच्या हुकावर यायला हवा. हौसेने मागच्या बाजूला स्वयंपाकघर, त्याखाली पाण्याची टाकी आणि वर सायकली टांगल्या की पुढचा भार हलका होतो, आणि ऐंशीच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तेव्हा ब्रेक दाबून हे हेलकावणं थांबत नाही. बऱ्याचदा वाढतंच. टाकी अर्धी भरलेली असेल तर आणखी वाईट, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावतं. तेलाचा टँकर आतून खान्यांमध्ये विभागलेला असतो त्याचं एक कारण हेच. त्यामुळे एकच मोठी टाकी घेण्यापेक्षा वीस-वीस लिटरचे कॅन आसाच्या दोन्ही बाजूंना बसवावेत. स्वस्त, धुवायला सोपे, आणि एक फुटला तर बाकीचे शाबूत.

विजेला मी सगळ्यांत जास्त पानं दिली आहेत. लोक पैसे घालवतात ते इथे, आणि आग लागते तीही इथूनच.

लाइटबिलातलं युनिट सगळ्यांना कळतं, म्हणून तेच माप धरू. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. शिसं-आम्लाची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, त्यामुळे हाताशी ०.९ युनिट. लिथियम फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी १.२८ युनिट देते, त्यातलं एक युनिट बिनधास्त वापरता येतं, आणि तिचं वजन शिसाच्या बॅटरीच्या पाव भागाच्या आसपास. महाग आहे, पण वजनाचा हिशोब वर केला असेल तर ती महागाई कुठे वसूल होते ते दिसेल.

आता खर्चाची बाजू. पंचवीस वॉटचा पंखा रात्रभर: पाव युनिट. दिवे नगण्य. लॅपटॉप तीन तास: ०.१८. राउटर बारा तास: ०.१२. छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज कोकणातल्या उकाड्यात दिवसाला अर्धं युनिट सहज घेतो. झाली की एका बॅटरीची बेरीज. यात इंडक्शनची शेगडी बसत नाही. अठराशे वॉटची शेगडी अर्धा तास लावली की ०.९ युनिट गेलं, म्हणजे भातावर वरण पडेपर्यंत शिसाची बॅटरी रिकामी. शिवाय बारा व्होल्टवर त्यासाठी दीडशे अँपिअरच्या वर प्रवाह लागतो, आणि तेवढा प्रवाह नेणारी तार करंगळीएवढी जाड असते. बाजारातून आणलेली साधी वायर तिथे वितळते. एसीचं गणित तर मांडूच नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, चांगलं झालं. पण तो गारवा मुख्यतः इंजिनाच्या जोरावर येतो. उभ्या गाडीत बॅटरीवर रात्रभर एसी चालवायचा तर चार-पाच युनिटं लागतील. जिथे वीज जोडता येते अशाच मुक्कामी तो लावावा, एरवी खिडकीला जाळी आणि पंखा.

छपरावर ४०० वॉटचं सौर पॅनेल असेल तर फेब्रुवारीच्या उन्हात दिवसाला सव्वा युनिटाच्या आसपास मिळतं, म्हणजे वरची बेरीज भागते. आंबोलीच्या जुलैत त्याच्या निम्मंही मिळेल याची खात्री धरू नये. आणि गाडी सावलीत लावायची की पॅनेल उन्हात ठेवायचं, हा वाद रोज होणार. सुटं, लांब वायरचं पॅनेल घेतलं तर तो मिटतो.

एक बारकी गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती ट्रकवरून हौशी गाड्यांत आली आहे. मोठ्या गाडीची वीज चोवीस व्होल्टची: बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. टेप, चार्जर, दिव्यांची माळ बारा व्होल्टवर चालते. मग वायरमन काय करतो, दोन्हींच्या मधून एक तार काढतो आणि एकाच बॅटरीवर सगळा बोजा टाकतो. लगेच काही होत नाही. पण चार्ज होताना अल्टरनेटर दोघींना मिळून चोवीस व्होल्टची एकच बॅटरी मानतो. जिच्यातून तार काढली ती कायम उपाशी राहते, दुसरी अति जेवते. काही महिन्यांत एक वाळते आणि दुसरी उकळते, आणि मालक कंपनीला नावं ठेवतो. चोवीसचे बारा करणारा छोटा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना जोडला की प्रश्न संपला. फ्यूज मात्र बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, पंख्याजवळ नको. फ्यूज वाचवतो ती तार. तारेचा जो तुकडा फ्यूजच्या अलीकडे राहिला त्याला वाली नाही. आणि टँकरसारखा एक मास्टर स्विच, हात सहज पोचेल असा, प्रत्येक फिरत्या घराला हवाच. तो बसवला नसेल तर पुढची प्रकरणं वाचू नका.

गॅसबद्दल थोडक्यात. पाच किलोचं छोटं सिलिंडर पेट्रोलपंपावर ओळखपत्र दाखवून मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. फिरत्या माणसाला तेच सोयीचं. पण वर पेट्रोलच्या वाफेबद्दल जे सांगितलं ते स्वयंपाकाच्या गॅसलाही लागू आहे. तो खाली बसतो. छपराची खिडकी उघडी आहे म्हणून निश्चिंत राहणारा माणूस चुकीच्या टोकाकडे बघतोय. जमिनीच्या पातळीला, सिलिंडरच्या कप्प्यातून थेट बाहेर निघणारं, कधीही बंद न होणारं भोक हवं. शेगडी पेटवून गाडी गरम करत झोपू नये, महाबळेश्वरलाही नाही. जळताना प्राणवायू संपतो आणि जो वायू तयार होतो त्याला वास नसतो. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो. तो दारावर आतून रंगवून ठेवा.

आता संपर्क. जुन्या चालकांकडून ऐकलं तर त्याचा इतिहास पानटपरीच्या फळीपासून सुरू होतो: गावाकडचा निरोप टपरीवाल्याकडे, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, नाहीतर समोरून येणाऱ्या ओळखीच्या गाडीबरोबर. मग एसटीडी बूथची रांग, रात्री दर उतरल्यावरची. २००३ साली येणाऱ्या कॉलचे पैसे लागणं बंद झालं आणि मिस्ड कॉलची भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघालो, तीन म्हणजे उचल, काम आहे. आज अमर्याद डेटा आहे, व्हिडिओ कॉल आहे, आणि घरच्यांची काळजी वाढली आहे. पूर्वी दोन दिवस निरोप नसला तरी माणूस रस्त्यावर आहे एवढं पुरायचं. आता दोन निळ्या रेघा दिसल्या नाहीत की अर्ध्या तासात सगळे नातेवाईक जागे होतात.

यंत्रांनी हे सुटत नाही, तरी यंत्रं नीट समजून घ्यायला हवीत. बऱ्याच जणांना वाटतं की दोन कंपन्यांची सिमं घेतली की दोन वेगळे टॉवर मिळाले. आपल्याकडे एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची उपकरणं भाड्याने बसलेली असतात. तिथली वीज गेली आणि डिझेल संपलं की सगळ्याच गेल्या. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लोकांनी हे अनुभवलं. तरीही दोन सिमं घ्यावीतच, त्यातलं एक बीएसएनएलचं, कारण घाटातल्या आणि सीमेवरच्या काही गावांत तेच पोचलेलं असतं. माळशेज, ताम्हिणी, आंबोली इथे रेंज वळणावळणाला येते-जाते. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवला असेल तर निदान रस्ता तरी हरवत नाही. जागा सांगणारा उपग्रहाचा संकेत टॉवरवर अवलंबून नसतो.

गाडीचं अंग पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं असेल तर बाहेर दोन दांड्या असणारी रेंज आत शून्य होते. धातू रेडिओलहरी अडवतो, त्यात कंपनीचा दोष नाही. फायबरच्या गाडीत हा त्रास कमी. उपाय म्हणजे छपरावर छोटी अँटेना आणि तिच्या अगदी खाली राउटर. लोक अँटेना छपरावर लावतात आणि राउटर सोयीसाठी दुसऱ्या टोकाला, मध्ये पाच-सात मीटर केबल. मिळवलेली रेंज केबलच खाऊन टाकते. अँटेना नसेल तर राउटर खिडकीच्या काचेला टेकवून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे आणि तो आधी करून पाहावा.

बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नयेत. परवान्याशिवाय ते बसवणं गुन्हा आहे, आणि तो नियम उगाच नाही. आपल्या बूस्टरमुळे आजूबाजूच्या शंभर लोकांचे कॉल बिघडतात. सॅटेलाइट फोनचंही तसंच. परदेशातल्या भावाने प्रेमाने पाठवलेला उपग्रही फोन किंवा संदेशयंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय इथे वापरता येत नाही. अशी यंत्रं बाळगल्याबद्दल परदेशी पाहुणे विमानतळावर अडकले आहेत. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला २०२५ साली परवाना मिळाला म्हणून परदेशातली तबकडी इथे आणून चालेल, असंही नाही. दोन गाड्या बरोबर असतील तर ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, परवाना न लागणारे कमी शक्तीचे वॉकी-टॉकी पुरतात. घाटात पुढच्या गाडीने ‘समोरून एसटी येतेय’ एवढं सांगितलं तरी त्यांचे पैसे वसूल.

रेंज नसताना संपर्क कसा ठेवायचा, हा प्रश्न समुद्रावर जाणाऱ्यांनी आपल्या आधी सोडवायला घेतला. माहुलचे कोळी बहुतेक खाडीत, किनाऱ्याच्या नजरेत मासेमारी करतात. पण सातपाटी, उत्तन, वर्सोव्याच्या मोठ्या बोटी कित्येक दिवस बाहेर असतात. बर्फ, डिझेल, गोडं पाणी, शिधा, शेगडी, आणि पाच-दहा खलाशांचं राहणं: कॅराव्हॅनच ती, खाली रस्ता नाही एवढंच. किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाइल संपतो. तिथून तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, हाताशी व्हीएचएफ सेट आणि संकटासाठी जगभर राखून ठेवलेला चॅनेल १६. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये इस्रोच्या तंत्रावरच्या ट्रान्सपॉन्डरची देशव्यापी योजना सुरू झाली, एक लाख बोटींसाठी. त्यातून बोटीवरून किनाऱ्याला आणि किनाऱ्यावरून बोटीला संदेश जातो. जमिनीवर फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना अशी सोय अजून नाही. म्हणून तांडेल जे यंत्र येण्याआधीपासून करत आला ते आपण करावं: निघताना किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जायचं की कुठल्या बाजूला चाललो आणि कधी परतणार.

ते कसं करावं याचा नमुना पुस्तिकेच्या शेवटी दिला आहे, पण त्याचं सूत्र इथेच सांगतो. घरी एकच माणूस ठरवा, सगळा व्हॉट्सॲप ग्रुप नको. ग्रुपमध्ये प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने फोन केला असेल. त्या एका माणसाकडे गाडीचा नंबर, माणसांची नावं, रक्तगट, मुक्कामाच्या ठिकाणाचा स्थानिक फोन नंबर कागदावर द्या. दिवसाची एक वेळ ठरवा, शक्यतो मुक्कामाला पोचल्यानंतरची. ती वेळ चुकली तर किती तास थांबायचं तेही आधीच ठरवा, आणि मग कोणाला विचारायचं ते क्रमाने लिहा: आधी मुक्कामाचं ठिकाण, मग आदल्या मुक्कामाचं, मग ११२. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, आजारपणाला १०८. ११२ ला तुमच्या सिमची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची रेंज असेल तर फोन लागू शकतो, हे मुलांनाही सांगून ठेवा.

चालू लोकेशन पाठवत राहण्याला माझा विरोध नाही, पण त्यावर विसंबणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोन बंद पडला तर पडद्यावर शेवटची जागा तशीच दिसत राहते आणि घरचे समजतात, माणूस तिथे सुखरूप बसलाय. ठरलेल्या वेळेचा फोन असा खोटा दिलासा देत नाही. आला तर आला, नाही आला तर नाही आला.

पुस्तिकेत काही गोष्टी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. कुठल्या कंपनीची गाडी घ्यावी, हे नाही. किमती आणि मॉडेलं छापून होईपर्यंत बदलतात. सजावट नाही. पाळीव प्राण्यांबद्दल दोनच पानं आहेत, कारण त्यातलं मला फारसं कळत नाही. प्रकरणांचा क्रम वजन, पाणी, वीज, गॅस, झोप, संपर्क, कागदपत्रं असा आहे आणि तो बदलून वाचू नये, असं सुचवतो. फ्रिज कुठला घ्यावा ते पाहायला थेट वीज प्रकरणाच्या शेवटी जाणाऱ्यांना तिथे एक तक्ता भेटेल. त्यात आधी आपल्या बॅटरीची युनिटं लिहिल्याशिवाय पुढच्या रकान्यांचा काही उपयोग नाही. पेन्सिल वापरा. पहिल्या सहलीनंतर निम्मे आकडे खोडावे लागतात.